मुलाचे म्हणणे कोणत्या भाषेत ऐकावयाचे?

तापी जेथे सागराला मिळते, तेथे हजीरा वसले आहे. शेजारच्या सुवालीच्या नांगरवाड्यात सतराव्या शतकात इंग्रजांची गलबते येऊन थांबत. आज त्याच किनाऱ्यावर खत, पोलाद, नैसर्गिक वायू आणि रसायने यांचे कारखाने उभे आहेत आणि त्यांच्या जोडीला मोठे बंदर आले आहे. सुरत आणि तिच्या भोवतीच्या या उद्योगपट्ट्यात पोट भरण्यासाठी आलेल्यांत ओडिशाचे, बिहारचे, उत्तर प्रदेशाचे लोक आहेत, तसे आपले खानदेशी लोकही पुष्कळ आहेत. नंदुरबार, अमळनेरवरून येणाऱ्या तापीकाठच्या रेल्वेने पिढ्यान्‌पिढ्या माणसे सुरतेस उतरत आली. त्यांच्या घरांत अहिराणी बोलली जाते, गल्लीत हिंदी आणि कचेरीत गुजराती.

अशा एखाद्या घरातील पंधरा वर्षांच्या मुलावर चोरीचा आळ आला असे समजा. गोदामाच्या कुंपणाआडून तांब्याची तार काढली आणि भंगारवाल्यास विकली, एवढाच आरोप. त्याला बाल न्याय मंडळापुढे उभे करण्यात येते. कागद गुजरातीत, प्रश्न गुजरातीत. बाप पाळीवर गेलेला, आईला लिहिता-वाचता येत नाही. मुलाला विचारले जाते, ‘तुला काही सांगावयाचे आहे काय?’ तो मान खाली घालतो. ही खाली घातलेली मान कबुली समजावयाची की पश्चात्ताप, की केवळ न समजणे? या एका प्रश्नाच्या उत्तरावर त्या मुलाची पुढली दोन-तीन वर्षे अवलंबून असतात.

कायद्याची भूमिका याबाबत संदिग्ध नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्कांचा करार स्वीकारला. त्याच्या बाराव्या कलमाने मुलाला स्वतःविषयीच्या प्रत्येक निर्णयात मत मांडण्याचा हक्क दिला आणि त्याच्या वयाच्या व समजुतीच्या मानाने त्या मताला वजन देण्याचे बंधन राष्ट्रांवर घातले. ११ डिसेंबर १९९२ रोजी भारत या करारात सामील झाला. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात तर सहभागाचे हे तत्त्व मूलभूत तत्त्वांच्या यादीतच घातले आहे. मुलाचा आणि पालकांचा समजून-उमजून सहभाग राहील हे पाहणे मंडळाचे कर्तव्य आहे. कामकाजाची भाषा मुलास कळत नसेल तर दुभाषा देणे, हेही मंडळाचेच कर्तव्य आहे. दुभाषा ही कृपा नव्हे.

सुरतेचा आणि या प्रश्नाचा एक जुना संबंध आहे. तो मराठी वाचकास तरी विसरता येऊ नये. डॉ. रखमाबाई इंग्लंडहून वैद्यकीचे शिक्षण पुरे करून आल्या आणि सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात त्यांनी सुमारे दोन दशके रुग्णसेवा केली. त्या डॉक्टर झाल्या, त्यापूर्वी त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली होती. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न लावून देण्यात आले. त्या वयात त्यांना कोणी काही विचारले नाही, विचारण्याची रीतही नव्हती. पुढे त्यांनी नांदण्यास नकार दिला, तेव्हा १८८४ मध्ये दादाजी भिकाजी यांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. असहाय बालपणी झालेल्या विवाहाच्या जोरावर जाणत्या स्त्रीस तिच्या मनाविरुद्ध पतीच्या घरी धाडता येणार नाही, असा त्यांच्या निकालाचा रोख होता. अपिलात तो निकाल टिकला नाही. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आज्ञा केली, की नांदावयास जा, अन्यथा तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन प्रकरण मिटले.

टिळकांच्या ‘केसरी’ने त्या वेळी रखमाबाईंच्या विरुद्ध लेखणी चालविली होती. हे आम्ही लोकमान्यांविषयीचा आदर यत्किंचितही कमी न करता नमूद करीत आहो. परकीय सरकारने आमच्या घरात हात घालू नये हा त्यांचा मुद्दा त्या काळाच्या राजकारणात समजण्यासारखा होता. परंतु ज्या घराच्या अब्रूसाठी तो वाद चालला, त्या घरातील अकरा वर्षांच्या मुलीचे मत काय, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या गदारोळात फारसा कोणी विचारला नाही. तो विचारला तो ‘एक हिंदू स्त्री’ या नावाखाली वर्तमानपत्रात पत्रे लिहिणाऱ्या स्वतः रखमाबाईंनीच.

त्या प्रश्नाचे उत्तर हिंदू कायद्यात यावयास फार वर्षे लागली. पंधरा वर्षांच्या आत लग्न झालेल्या मुलीला अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वी ते नाकारण्याची मुभा १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात आली. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने बालपणी विवाह झालेल्या व्यक्तीस, मुलगा असो वा मुलगी, सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत तो रद्द करून घेण्याचा अधिकार दिला. ताब्याच्या वादात पुरेसे समजू लागलेल्या मुलाची पसंती न्यायालयाने विचारात घ्यावी, हे तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्यातच आहे. मुले पढवलेली असतात, असा आक्षेप यावर नेहमी घेतला जातो. असतातही. पण पढवलेला मोठा साक्षीदार आमच्या न्यायाधीशांनी कधी पाहिलाच नाही काय? त्याची साक्ष पारखून घेतात तशी मुलाचीही पारखता येते, त्यासाठी थोडा अधिक वेळ आणि थोडी अधिक माया लागते, इतकेच.

कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांची कथा मात्र अधिक कष्टाची आहे. मुंबई इलाख्याने, ज्यात तेव्हा सुरतही होती, १९२४ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला. तरीही मुले तुरुंगात खितपत पडतच राहिली. मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांनी ती वस्तुस्थिती सर्वोच्च न्यायालयापुढे नेली, आणि १९८६ मध्ये न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांना तुरुंग तपासावयास लावले. त्याच वर्षी देशव्यापी बाल न्याय कायदा झाला. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर जो क्षोभ उसळला, त्यातून २०१५ च्या कायद्यात सोळा ते अठरा वर्षांच्या मुलास अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटल्यास पाठविण्याची वाट निघाली. क्षोभ खरा होता. पण तारचोर पोराला त्या क्षोभाची किंमत मोजावयास लावणे न्याय्य नव्हे.

अशा पोराच्या बाबतीत शिक्षेपेक्षा भरपाईचा आणि समेटाचा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे, असे आमचे मत आहे. न्यूझीलंडने १९८९ मध्येच तो कायद्याने घालून दिला. माओरी समाजाच्या रीतीचा आधार घेऊन तेथे कुटुंबबैठकीची योजना झाली. मुलगा, त्याचे आप्त, ज्याचे नुकसान झाले तो, आणि पोलीस एकत्र बसतात, काय झाले ते मुलाच्या तोंडून ऐकतात आणि नुकसान भरून कसे काढावयाचे ते ठरवितात. आमच्या कायद्याने अशी बैठक बंधनकारक केलेली नाही. तरी समज देऊन घरी पाठविणे, समुपदेशन, समाजसेवा, परिवीक्षेवर सोडणे हे सारे मार्ग मंडळाला खुले आहेत, आणि मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा असे कायदाच बजावतो. हजीऱ्यात याचा अर्थ काय होईल? ज्याच्या गोदामाची तार गेली त्या मनुष्यास मुलासमोर बसून आपले नुकसान सांगता येईल. मुलाला ते ऐकावे लागेल. कोठडीपेक्षा हे सोपे आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्या शेजाऱ्याच्या डोळ्यास डोळा भिडवून चूक कबूल करून पाहावी.

येथे एक धोक्याची सूचना देणे आवश्यक आहे. समेट म्हटले की आमच्याकडे लगेच गावकी आणि जातपंचायत आठवते. किनाऱ्यावरच्या गावांत पंचांनी भांडणे मिटविल्याची उदाहरणे आहेत. तशीच वाळीत टाकून घरे उद्ध्वस्त केल्याचीही आहेत, म्हणून तर महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला. त्या बैठकांत मुलाला जागा नव्हती. त्याच्याविषयी बोलत, त्याच्याशी नव्हे. आणि जेथे मूलच अत्याचाराचे बळी असेल, तेथे तर समेटाचे नावच काढू नये. ‘अब्रूसाठी मिटवून टाका’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला पीडित मुलीवरचा दुसरा अत्याचार होय. २०१२ च्या बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने तिचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी घ्यावा, न्यायालयात तिला पुन्हा पुन्हा बोलावू नये, आरोपीच्या समोर उभे करू नये, असे बंधन घातले ते याच जाणिवेने.

आता त्या अहिराणी बोलणाऱ्या पोराकडे वळू. त्याच्या घरची परिस्थिती सांगणारा अहवाल परिवीक्षा अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत द्यावयाचा असतो. तो अधिकारी मुलाच्या आईशी कोणत्या भाषेत बोलतो, यावर त्या अहवालाचा अर्धा खरेपणा ठरतो. मंडळात दंडाधिकाऱ्याच्या जोडीला दोन समाजसेवक असतात, त्यांपैकी किमान एक स्त्री असावी लागते, आणि मुलांच्या आरोग्य, शिक्षण वा कल्याणाच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव हा त्यांच्या निवडीचा एक निकष आहे. सुरतेच्या मराठी वस्त्यांत अशी माणसे आहेत. शाळेत शिकविणाऱ्या बाया आहेत, दवाखाने चालविणारे डॉक्टर आहेत. पुढल्या वेळी या जागांसाठी अर्ज मागविले जातील तेव्हा तेथील महाराष्ट्रीय मंडळांनी गणेशोत्सवाच्या वर्गणीइतक्याच हिरिरीने त्यांची नावे पुढे करावीत. आणि मंडळाच्या दारात दुभाष्यांची एक यादी टांगलेली असावी, तीत मराठीच्या खालच्याच ओळीत अहिराणी लिहिलेली असावी.