दुपारी पान मान का टाकतं?

आजचा विषय फौजेचा नाही. आज माझ्या हातून मेलेल्या दोन भोपळ्याच्या वेलांबद्दल बोलायचं आहे.

भिलाईत कैंप-१ मध्ये आमच्या घरामागे थोडी जागा आहे. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तिथे वेल लावले. इथला मे महिना कसा असतो हे विदर्भातल्या मंडळींना सांगायला नको. दुपारी दोन वाजता पानं ओल्या फडक्यासारखी लोंबायची आणि मी बादली घेऊन धावायचो. संध्याकाळी पानं ताठ झाली की वाटायचं, वाचवलं! काही दिवसांनी ती सकाळीही उठेनात. मी आणखी पाणी घातलं. बायको म्हणाली, "अहो, मातीत बोट घालून तरी बघा." घातलं. चिखल होता. मुळं कुजली होती.

मग वाचायला बसलो, तेव्हा कळलं की झाडाकडे पाण्याचा बंदोबस्त माझ्यापेक्षा चांगला आहे.

पानावर डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, पर्णरंध्रं. बऱ्याच पिकांत एका चौरस मिलिमीटरमध्ये १०० ते ३०० सापडतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड याच वाटेने आत येतो आणि पाण्याची वाफ याच वाटेने बाहेर जाते. मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून जास्त असं उडून जातं. प्रत्येक छिद्राच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी असतात. सायकलच्या ट्यूबचे दोन तुकडे शेजारी ठेवले आहेत असं समजा. आत पाणी भरलं की त्या फुगून बाहेर वाकतात आणि मधे फट पडते. पाणी गेलं की सैल पडतात, फट मिटते.

आता ही फट मिटवण्याचा हुकूम कोण देतं? ॲब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक. त्याचा शोध कापसामुळे लागला, म्हणून आपल्या वऱ्हाडी मंडळींनी कान द्यावा. १९६३ साली कॅलिफोर्नियात ॲडिकॉट आणि त्यांचे सहकारी कापसाची कोवळी बोंडं का गळतात हे शोधत होते. त्यात हा पदार्थ हाती लागला. तिकडे वेल्समध्ये वेअरिंग झाडांच्या कळ्या झोपी का जातात हे पाहत होते. दोघांचा पदार्थ एकच निघाला. नाव 'गळती'वरून पडलं, पण बोंडगळीत मोठा हात इथिलीन वायूचा असतो. ॲब्सिसिक आम्लाचं खरं काम टंचाईतलं. पाण्याचा ताण पडला की पानात त्याचं प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं आणि काही मिनिटांत रंध्रं मिटू लागतात.

हुकूम पेशीत पोचतो कसा, हे २००९ मध्ये उलगडलं. अमेरिकेत कटलर आणि जर्मनीत ग्रिल यांच्या गटांनी त्याचा ग्राहक-रेणू शोधला. माझ्या भाषेत सांगतो. रायफल भरलेली आहे, पण सेफ्टी कॅच लावलेला आहे. पेशीत एक प्रथिन दुसऱ्या कामगार प्रथिनाला असंच सतत अडवून ठेवतं. ॲब्सिसिक आम्ल ग्राहकाच्या खोबणीत बसलं की तो ग्राहक जाऊन त्या अडवणाऱ्याला धरतो. कॅच सुटला! मोकळं झालेलं प्रथिन पेशीच्या भिंतीआतल्या पडद्यातली दारं उघडतं. क्लोराइडसारखे क्षार बाहेर पडतात, पाठोपाठ पोटॅशियम जातं आणि त्यामागे पाणी. पेशी सैल, फट बंद.

बरीच वर्षं समज होता की संदेश म्हणून हे आम्लच मुळांकडून वर येतं. पण मुळांत ते नीट बनत नाही अशा टोमॅटोवर चांगलं कलम बांधलं, तरी कोरड्या मातीत रंध्रं मिटलीच. २०१८ मध्ये जपानी संशोधकांना मोहरीच्या कुळातल्या एका रोपट्यात मुळांकडून निघणारा छोटा प्रथिन-तुकडा सापडला. तो पानाला कळवतो, 'आम्ल तयार करा.' म्हणजे चौकीवरून निरोप येतो, दारूगोळा पानातच बनतो.

पण नाकाबंदीची किंमत असते. वाफ अडली तसा कार्बन डायऑक्साइडही अडतो, अन्न तयार होणं मंदावतं, पान तापतं. माझा चुलतभाऊ कोरडवाहू कापूस करतो. बोंडं भरताना पावसाने दडी मारली की झाड उभं दिसतं आणि पाती गळतात. तो म्हणतो, "झाड तर जित्तं हाय, मंग माल कुठं गेला?" तहान भागवायला झाड उपाशी राहिलं, तिथे गेला. अशा खंडात पांढऱ्या केओलिन मातीची फवारणी सुचवतात, ती ऊन परतवते. पोटॅशियम नायट्रेटही सुचवतात. रंध्रांची उघडझाप ज्यावर चालते तो पालाश हाच, हे लक्षात घेतलं तर त्यामागचं कारण कळतं. थेट ॲब्सिसिक आम्ल का नाही फवारत? ते उन्हात लवकर निकामी होतं.

आता माझ्या वेलांकडे. दुपारी भोपळ्याचं मोठं पान मुळं पुरवतात त्याहून वेगाने पाणी घालवतं, म्हणून लोंबतं आणि रात्रीत सावरतं. ते माझ्या बादलीने उठत नव्हतं, ऊन उतरल्याने उठत होतं! आणि चिखलात गुदमरलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, तेव्हाही रंध्रं मिटतात, पान मान टाकतं. लक्षण तेच, कारण नेमकं उलटं.

यंदा पुन्हा वेल लावलेत. सकाळी सहाला पानं पाहतो, मग दोन पेरं खोल बोट घालतो. दुपारी दोनला खिडकीतून ती लोंबलेली दिसतात. अजूनही हात बादलीकडे जातो.