रुई लोपेझ: तिसऱ्या चालीचा उंट

पांढऱ्याचे प्यादे ई-४, काळ्याचे ई-५. पांढऱ्याचा घोडा एफ-३, काळ्याचा सी-६. आता पांढऱ्याचा उंट बी-५ वर येतो. स्पेनचा धर्मगुरू रुई लोपेझ याने १५६१ च्या आपल्या ग्रंथात या सुरुवातीचा विचार मांडला.

उंटाचा रोख सी-६ च्या घोड्यावर, कारण तोच ई-५ चे प्यादे राखतो. मग घोडा मारला की प्यादे फुकट? नाही! काळा ए-६ खेळला, उंटाने घोडा मारला, डी-प्याद्याने उंट मारला आणि पांढऱ्या घोड्याने ई-५ चे प्यादे घेतले, की काळा वजीर डी-४ वर येऊन घोडा आणि ई-४ चे प्यादे यांवर एकदम हल्ला करतो. प्यादे वसूल. नवशिक्यांनी हा क्रम पटावर मांडूनच पाहावा. नुसत्या पाठांतराने तो उमगत नाही.

म्हणूनच ए-६, म्हणजे मॉर्फी बचाव, हे सर्वांत रूढ उत्तर. डी-६ हा श्टाइनिट्झ बचाव भक्कम, पण कोंदट. एफ-५ धाडसी खेळाडूंसाठी. घोडा एफ-६ हा बर्लिन बचाव: २००० साली लंडनमधल्या जगज्जेतेपदाच्या लढतीत क्रामनिकने तो वापरला आणि कास्पारोव्हला एकही डाव जिंकता आला नाही.