आगीला वाट देताना

कवीला इंजिनातलं काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. फारसं नाही. पण माझा भाचा शारजाला मोटारींच्या गॅरेजात आहे. आम्हा कोकणातल्या लोकांचं घरटी एक माणूस आखातात असतंच. त्याच्याकडे राहायला गेलो असताना पाच संध्याकाळी एका गाडीपाशी उभा राहून जे पाहिलं, विचारून घेतलं, ते सांगतो.

गाडी माझदा आरएक्स-७. ही पिढी जपानात १९९१ साली आली आणि २००२ साली बंद झाली. हिच्या इंजिनात पिस्टनच नाही. भुईमुगाच्या दुदाणी शेंगेसारखा, मधे किंचित चेपलेला पोकळ डबा आणि त्यात फिरणारा फुगीर बाजूंचा त्रिकोण. कल्पना फेलिक्स वान्केल या जर्मन माणसाची. त्रिकोणाच्या तिन्ही टोकांना धातूच्या पट्ट्या असतात. त्या सतत भिंतीला घासत राहतात आणि जळता वायू आपापल्या कप्प्यात अडवून धरतात. पट्टीची जाडी अवघी २ मिलिमीटर. असे दोन डबे, प्रत्येकी ६५४ सीसीचे. एवढ्याशा इंजिनाच्या घराण्यानं १९९१ साली फ्रान्समधली ले मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. तिथे मात्र चार डबे होते.

या इंजिनात धूर बाहेर सोडायला झडप नाही. त्रिकोणाचं टोक भोकावरून सरकलं की वाट एकदम उघडते आणि तापलेला वायू धडक मारून बाहेर पडतो. टर्बोचं चाक फिरवायला अशी धडक फार उपयोगी. कारखान्यानं या गाडीला दोन छोटे टर्बो दिले होते. कमी वेगात एक चाले, पुढे दुसरा येऊन मिळे. पण त्यांना सांभाळणाऱ्या रबरी नळ्यांचं जंजाळ असं, की पाहूनच जीव दडपतो. म्हणून हौशी मालक दोन्ही काढून एकच मोठा टर्बो बसवतात आणि त्यासाठी बाहेरून नवा मॅनिफोल्ड आणतात.

मॅनिफोल्ड म्हणजे दोन भोकांतला वायू टर्बोपर्यंत नेणाऱ्या दोन वाकड्या नळ्या. दिसायला एवढंच. गिऱ्हाइकानं आणलेला चकचकीत होता. भाच्यानं तो हातात घेऊन तोलला आणि बाजूला ठेवला. ‘‘मामू, हा उद्या बसेल. पण परवा तडकेल.’’

का तडकेल? जोर लावला की आतला वायू ९०० अंशांच्याही वर जातो. स्टेनलेसची फूटभर नळी ८०० अंशांनी तापली तर सुमारे ४ मिलिमीटर लांब होते. एक टोक पाण्यानं थंड राखलेल्या इंजिनाला आवळलेलं, दुसऱ्या टोकाला वजनदार टर्बो लटकलेला. वाढायला जागा कुठे? पातळ नळी मग वेल्डिंगच्या कडेला फाटते. म्हणून नळी जाड हवी आणि टर्बोचा भार पेलायला वेगळा आधार हवा. तोही असा, की जरा सरकू देईल. शिवाय दोन डब्यांचे धक्के आळीपाळीने येतात. ते टर्बोच्या तोंडापर्यंत वेगळे राहिले तर एकाचा जोर दुसऱ्याच्या वाटेत जात नाही.

मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती बाजूची वाट, वेस्टगेट. हवेचा दाब ठरलेल्या हद्दीपर्यंत गेला की जास्तीच्या वायूनं टर्बोला वळसा घालून निघून जायचं. स्वस्त मॅनिफोल्डात ही फांदी काटकोनात आणि अरुंद जोडलेली असते. वायू तिकडे वळतच नाही. झडप पूर्ण उघडी, तरी दाब चढतोच आहे. जास्त हवा आली, पेट्रोल मात्र तेवढंच, तर मिश्रण पातळ होतं, नॉकिंग होतं आणि ती २ मिलिमीटरची पट्टी तुटते. तुकडे बाहेर पडतात ते याच मॅनिफोल्डातून, थेट टर्बोच्या चाकावर. म्हणजे इंजिनही गेलं आणि टर्बोही.

गिऱ्हाईक तरुण होता, पैसे साठवून गाडी घेतलेला. आधी चिडला. भाच्यानं आवाज न चढवता त्याला समजावलं, की मोठे इंजेक्टर, पेट्रोलचा पंप आणि संगणकाची नवी जुळणी यांचे पैसे जमेपर्यंत जुने टर्बोच राहू दे. मला ते पटलं. गिऱ्हाइकाला नाही म्हणणारा कारागीर आजकाल दुर्मीळ. दोन दिवसांनी तो पोरगा जाड नळीचा मॅनिफोल्ड मागवायला कबूल झाला, बाकीच्या सामानासकट.

बसवतानाही घाई चालत नाही. जुने स्टड गंजून धरलेले असतात. आधी तेल सोडून रात्रभर ठेवायचं, जोर करून मोडायचे नाहीत. टर्बोतून तेल परत येतं ते केवळ उतारानं, तेव्हा ती नळी कुठेही वर चढता कामा नये. नाहीतर तेल तुंबतं आणि निळा धूर निघतो. हवा आत घेणाऱ्या नळ्या याच बाजूला, मॅनिफोल्डच्या वर असतात, म्हणून मधे उष्णता अडवणारा पत्रा लागतोच. मग इंजिन नुसतं तापू द्यायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं आणि नट पुन्हा तपासून आवळायचे. गळती असली तर गार इंजिन सुरू करताच फुसफुस ऐकू येते. सुरुवातीच्या फेऱ्या कमी दाबावर, आणि शेजारी बसलेल्या माणसानं रस्त्याकडे न पाहता फक्त काट्यांकडे पाहायचं.