परक्या चाली आणि बासची ओळ

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं, व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या विलायती चाली आमच्या जालन्यात चर्चमध्ये अजून का गातात? दुसरं काही मिळालं नाही म्हणून?

मिळालं होतं की! रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग, भजनं दिली. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’मध्ये देशी आणि विलायती चाली शेजारी शेजारी आहेत. आणि खरं सांगायचं तर भाषेच्या दृष्टीने टिळकच सरस. भाषांतरित गीतात इंग्रजी चालीचा जोर भलत्याच अक्षरावर येतो, ऱ्हस्वाचं दीर्घ होतं.

गंमत म्हणजे, नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या मिशनमधून, आणि त्या चर्चने ऑर्गनला परवानगी दिली थेट 1883 मध्ये. तोवर नुसता गळा.

मग या चाली टिकल्या कशा? माझं मत असं, की त्या गवयांसाठी नव्हत्याच. विल्यम मंकची 1861ची ‘इव्हनटाइड’ घ्या. दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये 2021 पर्यंत जी धून वाजायची, तीच. सगळी चाल एका सप्तकात बसते, ताना नाहीत. पण खाली आल्टो, टेनर, बास अशा आणखी तीन ओळी. ज्याला वरचा सूर लागत नाही, त्यालाही काम आहे. जॉन स्टेनरचं 1887चं ‘क्रूसिफिक्शन’ही साध्या चर्चच्या गायनवृंदाला झेपेल असंच लिहिलेलं, मधली गीतं तर समोर बसलेल्या लोकांनीच गायची. जाणकारांनी नाकं मुरडली, लोक गात राहिले.

त्यात जॉन कर्वेनची टॉनिक सोल्-फा पद्धत. रेघांऐवजी अक्षरं, छपाई स्वस्त. म्हणजे आपली सरगमच बघा: सा कुठेही धरा, नातं तेच.

माझ्या मावशीच्या दफनाला पेटी नव्हती, संध्याकाळ झालेली. कोणीतरी ‘इव्हनटाइड’ धरली. मला रडूच फुटत होतं, पण बासची ओळ सोडता येईना. मी थांबलो असतो तर खालचा मजलाच गेला असता.

आता आमच्याकडे कीबोर्ड आलाय, सगळे वरचीच ओळ गातात. बास येणारे दोघंच उरलोय, दुसरे काका सत्तरीपुढचे. म्हणून सध्या रविवारी उपासनेनंतर दोन पोरांना सरगममध्ये लिहून देतोय. एकाचा आवाज अजून फुटतोय, पण हरकत नाही, थांबू.