पऱ्हाटीचा कोळसा शिसं पकडतो, पण मग पुढे काय?

देवळीकडच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला: "दादा, पऱ्हाटीच्या कोळशानं पाण्यातलं शिसं निघते म्हणते. घरीच फिल्टर बनवू का?" आजचा एपिसोड त्याच्यासाठी.

आपल्या वर्धा जिल्ह्यात कापूस निघाला की पऱ्हाट्या चुलीसाठी रचतात, नाहीतर धुऱ्यावर पेटवून देतात. उघड्यावर जाळल्या की उरते राख. पण ड्रममध्ये हवा कोंडून साधारण ४०० ते ६०० अंशांवर तापवल्या, तर मिळतो बायोचार, म्हणजे बारीक छिद्रांचा कोळसा.

तो धातू गाळणीसारखा अडवत नाही. विरघळलेलं शिसं कुठल्याही छिद्रातून सहज निघून जाईल. खरी पकड विद्युतभाराची. शिसं आणि कॅडमियम पाण्यात धनभारित असतात, कोळशाच्या पृष्ठभागावर ऋणभारित जागा असतात. झालं, चिकटले! कोळशातल्या राखेमुळेही थोडं शिसं न विरघळणारा क्षार होऊन तिथेच बसतं.

मग घरी का नको? तीन कारणं.

एक: फ्लोराईड ऋणभारित असतं, आर्सेनिकही सहसा धनभारित नसतं. साधा कोळसा त्यांना फारसा धरत नाही.

दोन: आपल्याकडे काळ्या दगडातल्या बोअरचं पाणी बरेचदा जड असतं. त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियमही त्याच जागा अडवतं.

तीन, आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं: फोन 'स्टोरेज फुल' असं सांगतो, कोळसा सांगत नाही. जागा भरल्या की शिसं गुपचूप ग्लासात येतं. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला फक्त ०.०१ मिलिग्रॅम आहे. एवढं शिसं ना जिभेला कळतं, ना डोळ्याला दिसतं. उकळूनही ते जात नाही. लहान मुलांच्या मेंदूला मात्र त्याचा फटका बसतो.

अजून एक. धातू संपत नाही, फक्त जागा बदलतो. वापरलेला कोळसा वावरात टाकला तर शिसं मातीत जाणार, चुलीत घातला तर राखेत आणि धुरात. कोरा बायोचार जमिनीला चालतो, धातू प्यायलेला नाही.

म्हणजे बायोचार वाईट आहे का? अजिबात नाही. कारखान्याच्या सांडपाण्यावर, जिथे बाहेर पडणारं पाणी नियमित मोजलं जातं आणि वापरलेल्या कोळशाची नीट विल्हेवाट लागते, तिथे तो स्वस्तात कामाचा आहे.

तर भावा, फिल्टर नंतर. आधी बोअरच्या पाण्याचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत दे आणि धातूंची तपासणी होते का, ते स्पष्ट विचार. पाण्यात काय आहे ते कळल्याशिवाय उपाय ठरवायचा नाही.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!