एकशे सेहेचाळीसच्या खाली

मोटोरोलाचा जीएम-३०० हा गाडीत बसवायचा वायरलेस सेट १९९०च्या दशकात कारखाने, टॅक्सीवाले आणि सुरक्षा एजन्सी यांच्यासाठी विकला जायचा. त्याचा एक व्हीएचएफ प्रकार १४६ ते १७४ मेगाहर्ट्झवर चालतो. भारतातल्या हॅमना, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांना, मिळालेला दोन मीटरचा पट्टा १४४ ते १४६चा. आपली हद्द संपते तिथे सेटची सुरू होते. अमेरिकन हॅमचा पट्टा १४८ पर्यंत असल्याने त्याचं निदान अर्धं काम भागतं. यूएचएफमध्ये अडचण आणखी वाढते: सेट मिळतात ४०३ ते ४३३चे किंवा ४३८ ते ४७०चे, आणि आपला पट्टा ४३४ ते ४३८, नेमका मधल्या फटीत.

बंगळूरच्या सर्जापूर रोडला, दोड्डकन्नेल्लीच्या बाजूला राहणारे एक सोलापूरकर काका असे सेट हॅमच्या कामाचे करून घेतात. रीतसर परीक्षा देऊन परवाना काढलेले हॅम. त्यांच्या टेबलाशी बसलं की पहिल्यांदा जाणवतं ते हे, की सोल्डरिंग गन बराच वेळ थंडच असते. आधी सेटला १३.८ व्होल्ट, अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड. मग डॉसवर चालणारा जुना लॅपटॉप. मोटोरोलाचं आरएसएस सॉफ्टवेअर त्या काळच्या संथ संगणकांसाठी लिहिलेलं. वेगवान मशीनवर त्याचं वेळेचं गणित चुकतं आणि सेटशी बोलणंच होत नाही. मध्ये ‘रिब’ नावाची छोटी डबी लागते. लॅपटॉपच्या सीरियल पोर्टचे व्होल्टेज ती सेटला सोसेल अशा पाच व्होल्टवर आणते.

सेटमधला कोडप्लग, म्हणजे त्यात साठवलेले चॅनल आणि सेटिंग, वाचून त्याची प्रत ठेवली, की जुन्या मालकाचे सगळे चॅनल काका पुसतात. “दुसऱ्याच्या घराची किल्ली आपल्या खिशात कशाला?” ते म्हणतात. ती फ्रिक्वेन्सी आजही कुणाच्या तरी परवान्यात असू शकते, आणि हॅमच्या परवान्यावर तिथे बोलता येत नाही.

आता १४५.५०० टाकायचे. सॉफ्टवेअर नकार देतं. मर्यादा सेटइतकीच सॉफ्टवेअरच्या फाइलमध्येही लिहिलेली असते. तिथले आकडे बदलल्यावर ते मुकाट्याने स्वीकारतं. खरा प्रश्न त्यानंतरचा: आतला ऑसिलेटर, म्हणजे व्हीसीओ, इतका खाली उतरेल का? उतरला नाही तर सिंथेसायझर लॉक होत नाही आणि सेट बीप-बीप करत राहतो. उत्पादकाने कडेला थोडी सवड ठेवलेली असल्याने बऱ्याचदा एकदोन मेगाहर्ट्झ खाली सेट निमूट चालतो. नाहीच चालला तर झाकण उघडून व्हीसीओची कपॅसिटन्स किंचित वाढवायची, म्हणजे फ्रिक्वेन्सी उतरते. इथे हात हलका लागतो. जास्त उतरवलं तर वरचं टोक हातचं जातं.

एवढा खटाटोप का, हे सर्जापूर रोडवर राहणाऱ्याला पटकन कळतं. आजूबाजूच्या गच्च्यांवर मोबाइलचे टॉवर, टेक पार्कमध्ये सुरक्षारक्षकांचे वॉकीटॉकी. स्वस्त हँडसेट गच्चीवरच्या मोठ्या अँटेनाला जोडला की जवळच्या जोरदार सिग्नलांनी त्याचा रिसीव्हर बधिर होतो आणि दूरचा क्षीण आवाज बुडतो. जीएम-३०० जन्मला तोच अशा गर्दीत काम करायला. त्याच्या पुढच्या टप्प्यातले फिल्टर नको ते बाहेरच अडवतात. माझ्या मते जुना व्यावसायिक सेट घ्यायचा तो या रिसीव्हरसाठी. ४५ वॉटच्या ट्रान्समीटरची शहरात क्वचितच गरज पडते, आणि काका पॉवर कमीच ठेवतात. डेव्हिएशन, म्हणजे बोलताना फ्रिक्वेन्सी किती सरकते ते, मात्र मोजून लावतात: जुन्या २५ किलोहर्ट्झच्या चॅनलला पाच किलोहर्ट्झ, १२.५च्या चॅनलला अडीच.

मागच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये १५ आणि १६ क्रमांकाच्या पिनांना जोडणारा एक इवलासा जंपर असतो. तो हरवलेला असला तर आतला स्पीकर गप्प. सेट मेला म्हणून भंगारात टाकण्याआधी तो बघावा. विकत घेताना मागच्या लेबलवरचा मॉडेल नंबरही वाचावा: एम अक्षरानंतरचा दुसरा आकडा ३ असेल तर सेट व्हीएचएफचा, ४ असेल तर यूएचएफचा. आणि १३६ ते १६२चा प्रकार हाती लागला, तर व्हीसीओला हात लावायची गरजच नाही. आपला पट्टा त्यात आधीपासूनच आहे.