संशोधकाचं वजन कोणत्या काट्यावर मोजायचं?



केमिस्ट्रीत एमएस्सी करून पीएचडीला जावं असं वाटणारी मुलं आपल्या वडनेर भोलजीसारख्या गावातही असतात. मग घरचे विचारतात, "सर, गाइड चांगला आहे हे ओळखायचं कसं?" मुलं मोबाइलवर प्राध्यापकांचं नाव टाकतात आणि आकडे पुढे करतात. पेपर इतके, सायटेशन इतके, एच-इंडेक्स इतका. या आकड्यांचा अर्थ आपल्याला लावता यायला हवा, कारण मुलाची चार-पाच वर्षं त्यावर ठरतात.

सायटेशन म्हणजे दुसऱ्या संशोधकाने आपल्या पेपरात दिलेला दाखला. एच-इंडेक्स ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी 2005 मध्ये मांडली. समजा, एखाद्याचे सहा पेपर आहेत आणि त्यांना अनुक्रमे 25, 12, 7, 5, 4 आणि 1 दाखले मिळाले. चार पेपर असे आहेत की प्रत्येकाला किमान चार दाखले आहेत. पण किमान पाच दाखले असलेले पाच पेपर नाहीत. म्हणून एच-इंडेक्स 4. गणित पाचवीतल्या पोरालाही जमेल. गंमत अशी, की पहिल्या पेपराला 25 ऐवजी 2500 दाखले मिळाले असते, तरी उत्तर 4 च!

आता या काट्यावर बाळ दत्तात्रय टिळक यांना ठेवून बघू. जन्म 1918, कारंजा. मुंबईच्या यूडीसीटीत ते के. वेंकटरामन यांचे विद्यार्थी, पुढे ऑक्सफर्डला रॉबर्ट रॉबिन्सन यांचे. रॉबिन्सन यांना 1947 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. वेंकटरामनही रॉबिन्सन यांचेच शिष्य होते, म्हणजे गाण्यात असतं तसं हे घराणंच म्हणा ना.

टिळकांचा विषय रंगद्रव्यं आणि सल्फर असलेली कार्बनी संयुगं. थायोफिनॉलपासून केलेल्या संयुगाची मोकळी शेपटी आम्लाच्या मदतीने वळवून बेंझिनच्या कड्याला जोडायची, की सल्फर असलेलं दुसरं कडं तयार होतं. ही पद्धत त्यांच्या नावाने ओळखली जाते. असंच सल्फरचं कडं थायोइंडिगो या लाल रंगातही असतं.

थायोइंडिगो आणि आपली नीळ हे दोन्ही व्हॅट रंग, आणि ते कापसाचे रंग आहेत. आपल्या भागाला हे जवळचं वाटावं. व्हॅट रंग पाण्यात विरघळत नाही. म्हणून कॉस्टिक आणि हायड्रोसच्या द्रावणात त्याचं रूप बदलून तो विरघळवतात, मग तो सुताच्या आत शिरतो. कापड हवेत आलं की ऑक्सिजनमुळे मूळ रंग परत येतो आणि धाग्यातच अडकून बसतो. धुतला तरी सहजी जात नाही तो म्हणूनच.

गिरणीतला रंगारी पेपर लिहीत नाही, त्यामुळे दाखलाही देत नाही. पद्धत जुनी होऊन सगळ्यांच्या हातात बसली, की संशोधकसुद्धा मूळ पेपराचा उल्लेख करत नाहीत. वापर वाढतो, आकडा तिथेच राहतो. टिळक 1966 ते 1978 पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. देशी तंत्रज्ञानाचा त्यांनी आग्रह धरला, नंतर ग्रामीण भागात विज्ञान वापरण्यासाठी पुण्यात संस्था काढली. त्यांना पद्मभूषण मिळालं. यातलं बरंचसं एच-इंडेक्सच्या बाहेरचं.

म्हणून आकडा टाकाऊ असं मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षं एकही दाखला नसेल तर शंका घ्यावीच. पण तुलना करायची तर एकाच विषयातल्या, साधारण एकाच वयाच्या माणसांची करा. तरुणाचा आकडा कमीच असणार. स्वतःच स्वतःला दिलेले दाखले किती, तेही बघा. पेपरावर वीस नावं असतील तर याचं काम नेमकं कोणतं, हे विचारा. आणि त्या प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या दोन-तीन विद्यार्थ्यांना फोन करा: पीएचडीला किती वर्षं लागली, सर भेटायचे का, आणि आता कुठे काम करता?